लगाम धरलेला हात



या व्याख्यानमालेत चित्र-शिल्पाला एक संध्याकाळ मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. विषय राजांच्या अश्वारूढ प्रतिमांचा निवडला, कारण महाराष्ट्रात घोड्यावरचा पुतळा पाहिला नाही असा माणूस सापडणार नाही. रोज पाहतो म्हणूनच आपण त्याच्याकडे निरखून पाहत नाही. जयंतीला हार घालतो, चौकात त्याला वळसा घालून पुढे जातो. पण सत्ता दाखवायला राजाला घोड्यावरच का बसवायचं, हा प्रश्न मनात येत नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. अशा प्रतिमेतली सत्ता ओळखायची तर तलवार, मुकुट बाजूला ठेवून आधी लगाम धरलेला हात शोधावा. तो हात जितका निवांत, तितका राजाचा दावा मोठा. आणि इतका मोठा दावा बहुधा अशा वेळी केला जातो, जेव्हा खरी सत्ता हातातून निसटायच्या बेतात असते.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात टिशियनचं एक चित्र आहे, तीन मीटरहून उंच. सम्राट पाचवा चार्ल्स घोड्यावर आहे. २४ एप्रिल १५४७ रोजी एल्ब नदीकाठी म्यूलबर्ग इथे त्याने प्रोटेस्टंट संस्थानिकांच्या फौजेचा पराभव केला आणि सॅक्सनीच्या योहान फ्रीडरिशला कैद केलं. पुढच्या वर्षी आउग्सबुर्गला टिशियनला बोलावून हे चित्र काढून घेतलं. आता चित्रात काय आहे ते पाहा. डावीकडे झाडांची गर्दी, उजवीकडे मोकळं मैदान, दूर नदी आणि तांबूस ढगांनी भरलेलं आकाश. झाडीतून सम्राट बाहेर पडतो आहे. घोडा काळसर, अंगावर लाल झूल, डोक्यावर लाल तुरा. सम्राटाच्या अंगावर चिलखत, उजव्या हातात लांब भाला. आणि एवढंच. ज्या लढाईच्या विजयाचं हे चित्र, ती लढाई चित्रात कुठेच नाही. एक शत्रू नाही, एक प्रेत नाही, स्वतःचा एक शिपाईसुद्धा नाही.

चित्रात कीर्तिदेवता आणि धर्मदेवता घालावी, असं टिशियनचा मित्र आरेतीनो याने सुचवलं होतं. तशी पद्धतच होती. टिशियनने ते मानलं नाही, आणि चित्रकलेच्या इतिहासात त्या नकाराला मी फार मोलाचा मानतो. आकाशातून हार घेऊन उतरणारी देवता दाखवली की राजाला मान कुणीतरी बाहेरून दिला असं होतं. टिशियनला दाखवायचं होतं की या माणसाला बाहेरून काही द्यावं लागत नाही. म्हणून त्याने सगळं काढून टाकलं आणि घोडा आणि स्वार यांच्यामधलं नातं तेवढं ठेवलं. घोड्याची मान वळलेली आहे, पुढचे पाय उचललेले आहेत, त्याच्या अंगात जोर ठासून भरला आहे. वर सम्राटाचा चेहरा मात्र थकलेला, फिकट, कुठेतरी दूर लागलेल्या नजरेचा. डावा हात लगामावर आहे, पण ओढाताण नाही. एवढं जनावर त्या हाताच्या नुसत्या असण्याने चालतं आहे.

आता त्या हाताची खरी हकिकत. चार्ल्सचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस, आणि संधिवाताने तो वर्षानुवर्षं जेरीला आला होता. त्याचे प्रवासच्या प्रवास पालखीतून होत. आउग्सबुर्गच्या दरबारात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही पक्षांना बांधेल अशी तडजोड तो लादू पाहत होता आणि ती दोघांनाही नको होती. चित्र पूर्ण झाल्यावर चार वर्षांनी, १५५२ मध्ये, म्यूलबर्गला त्याच्याच बाजूने लढलेला सॅक्सनीचा मॉरिस उलटला, आणि इन्सब्रुकहून सम्राटाला आल्प्स ओलांडून पळावं लागलं. पालखीतून. १५५६ पर्यंत त्याने राज्यं सोडून दिली आणि स्पेनमध्ये युस्ते इथल्या मठाशेजारी राहायला गेला. चित्रातलं चिलखत खरं आहे, आजही माद्रिदच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात पाहायला मिळतं. चेहऱ्यावरचा थकवाही खरा आहे. टिशियन मोठा आहे तो त्यामुळेच. पण चित्राचा दावा या दोन्हींच्या पलीकडचा आहे: शरीर साथ देत नाही, तरी हुकूम चालतो.

ही भाषा टिशियनने शोधली नव्हती. तिचं मूळ रोममध्ये आहे. कॅपिटोलिन टेकडीवरचा सम्राट मार्कस ऑरेलियसचा ब्राँझ पुतळा दुसऱ्या शतकातला, उंची सव्वाचार मीटर. रोमन सम्राटांचे असे कितीतरी ब्राँझचे घोडे पुढे वितळवले गेले. हा वाचला, कारण मध्ययुगात लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत होते. १५३८ मध्ये तो कॅपिटोलिनवर आणला गेला आणि मायकेलँजेलोने त्याच्याभोवती चौकाची रचना केली. या स्वाराच्या पायात रिकीब नाही, कारण रोमनांना रिकीब माहीतच नव्हती. नुसत्या मांडेवर बसलेला हा माणूस उजवा हात पुढे करून शांतपणे काही सांगतो आहे. डाव्या हातातला लगाम काळाच्या ओघात नाहीसा झाला. बोटं रिकामी आहेत, तरी घोडा त्याच्याच आज्ञेत आहे हे पाहणाऱ्याला पटतं. पुढे पादुआत दोनातेल्लोने, व्हेनिसमध्ये व्हेरोक्यिओने भाडोत्री सेनापतींचे घोडे याच घराण्यातले घडवले. लिओनार्दोने मिलानच्या स्फोर्झा घराण्यासाठी केलेला मातीचा प्रचंड घोडा मात्र कधी ओतला गेलाच नाही. त्यासाठी जमवलेलं ब्राँझ तोफांसाठी गेलं आणि १४९९ मध्ये फ्रेंच तिरंदाजांनी मातीच्या त्या नमुन्यावर नेमबाजी केली.

घोडाच का, याचं उत्तर मला आपल्या चित्रकारांकडे पाहताना मिळालं. हिंदुस्थानात राजाला बसवायला घोड्याहून मोठं जनावर होतं. हत्तीवरची अंबारी कितीतरी भव्य दिसते. पण हत्ती चालवतो माहूत. अंकुश त्याच्या हातात असतो आणि राजा मागे बसलेला असतो. घोड्यावर मध्ये कुणी नाही. तोंडातलं कडियाळं, लगाम, टाच, मांडीचा दाब, सगळं राजाचं स्वतःचं. म्हणून स्वतःचा अधिकार सिद्ध करायचा असेल तेव्हा राजा अंबारीतून उतरून घोड्यावर येतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पयाग या चित्रकाराने काढलेला घोड्यावरचा शाहजहान आहे, साधारण १६३० चा. घोडा अगदी बाजूने दाखवलेला, साज सोन्याचा, बादशहाच्या डोक्यामागे तेजोवलय. शाहजहान १६२८ मध्ये तख्तावर बसला तो भावा-पुतण्यांची कत्तल करवून. त्या तख्ताला दोन वर्षं झाली असताना हे चित्र झालं. त्यातली शांतता मला म्हणूनच विलक्षण वाटते. वाऱ्याची झुळूकही तिथे शिरत नाही.

आणि घोडा कुणाचा, हा प्रश्न मराठ्यांइतका फार थोड्यांना कळला होता. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिवाजी महाराजांनी भर दिला तो पागेवर. घोडा सरकारचा असला की स्वार दुसऱ्याच्या चाकरीला जाऊ शकत नाही. सत्ता म्हणजे अखेर कुणाच्या घोड्याचा लगाम कुणाच्या हाती, हे इथे चित्रात नव्हे, हिशेबाच्या वहीत लिहिलेलं होतं.

युरोपात सतराव्या शतकात घोडेस्वारी ही राजपुत्राच्या शिक्षणातली मोठी बाब झाली. फ्रान्सच्या तेराव्या लुईला घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या प्ल्युव्हिनेलचा ग्रंथ १६२५ मध्ये छापला गेला, तो सगळा गुरू आणि राजा यांच्या संवादाच्या रूपात आहे. बुजलेला घोडा झाड होतो ते वेगळं. शिकवलेला घोडा मागच्या पायांवर तोल सावरून, पुढचे पाय दुमडून, स्वाराच्या इशाऱ्यावर तसाच थांबतो. हे साधायला वर्षं लागतात. व्हेलास्केथने स्पेनचा चौथा फिलिप याच अवस्थेत रंगवला आहे. एका हातात सेनापतीचा दंड, दुसऱ्यात लगाम, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. घोड्याच्या छातीवर घाम आणि फेस, राजाच्या कपाळावर एक आठी नाही. सगळे कष्ट घोड्याचे, सगळी आज्ञा राजाची.

हे आणि त्याच्या जोडीची अश्वारूढ चित्रं माद्रिदच्या बुएन रेतिरो राजवाड्यातल्या राज्यांच्या दालनासाठी १६३५ च्या सुमारास झाली. एकूण पाच: राजाचे आईवडील, राजा-राणी, आणि मुलगा बाल्तासार कार्लोस. हा मुलगा तेव्हा पाच-सहा वर्षांचा. त्याचं चित्र आईबापांच्या चित्रांच्या मध्ये, दरवाजाच्या वर लावायचं होतं. पाहणारा खालून पाहणार हे धरून व्हेलास्केथने तट्टाचं पोट भलतंच गोल काढलं आहे. आज समोर उभं राहून पाहिलं तर ते विचित्र वाटतं. जागेवर, खालून पाहिलं की तट्टू अंगावर उडी घेतं. त्या पोराच्या चिमुकल्या हातात सेनापतीचा दंड आहे आणि दुसऱ्यात लगाम. फिलिपच्या साम्राज्यात सगळीकडे लढाया चालू होत्या, तिजोरी रिकामी होती. त्या दरवाजावरून सगळ्या दरबाराला सांगितलं जात होतं की वारस तयार आहे. १६४६ मध्ये तो मुलगा सोळाव्या वर्षी वारला. या चित्रापुढे मला नेहमी गलबलून येतं, कारण राज्याचा सगळा भार एका बालकाच्या मुठीवर टाकलेला इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पाहणारा कुठे उभा आहे याचा व्हेलास्केथने केलेला हा विचार मला आज फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आणि बाहेरही पुतळ्यांची उंची वाढते आहे. मंगोलियात चंगीझखानाचा ४० मीटर उंच पोलादी घोडेस्वार उभा राहिला, अरबी समुद्रातल्या प्रस्तावित शिवस्मारकाचं जलपूजन २०१६ च्या डिसेंबरमध्ये झालं आणि त्याची उंची २०० मीटरच्या वर ठरवली गेली. उंचीचा अभिमान मी समजू शकतो. पण अश्वारूढ प्रतिमेचं सामर्थ्य ज्या हातात आहे तो हात पाहणाऱ्याला दिसला पाहिजे, ही माझी कळकळीची विनंती आहे. मार्कस ऑरेलियस सव्वाचार मीटरमध्ये रोमचं साम्राज्य सांगून जातो.

व्हेलास्केथने रंगवलेल्या त्याच चौथ्या फिलिपचा ब्राँझ पुतळा फ्लॉरेन्सच्या पिएत्रो ताक्काने १६४० मध्ये पुरा केला. एवढा मोठा ब्राँझचा घोडा फक्त मागच्या दोन पायांवर उभा राहण्याची ती पहिली वेळ. पुढचा भाग पोकळ आणि पातळ, मागचा भरीव, आणि शेपटीचा आधार. गॅलिलिओने यात सल्ला दिला असं परंपरा सांगते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो शाळांतून शिकवला जातो. घोड्याचे दोन पाय वर असतील तर स्वार रणात पडला, एक वर असेल तर जखमांनी गेला, चारही खाली असतील तर अंथरुणात वारला, असं म्हणतात. असा कोणताही नियम शिल्पकारांमध्ये नव्हता. दोन पाय उचललेल्या घोड्यावरचा फिलिप अंथरुणात वारला. लंडनमधल्या पुतळ्यात एक पाय उचललेल्या घोड्यावर बसलेला पहिला चार्ल्स वधस्तंभावर मेला. घोड्याचे पाय शिल्पकार तोलासाठी आणि आवेशासाठी ठरवतो. मृत्यूची नोंद त्यात नसते.

या पहिल्या चार्ल्सची गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडचा हा राजा ठेंगणा होता, आणि १६२९ पासून तो पार्लमेंट न बोलावता राज्य करत होता. १६३३ मध्ये व्हॅन डाइकने त्याला पांढऱ्या घोड्यावर, विजयकमानीतून थेट आपल्या दिशेने येताना रंगवलं. नजरेची पातळी इतकी खाली ठेवली की राजाची उंची कुणाच्या लक्षात येऊ नये. बाजूला त्याचा चाबूकस्वार, सेंट आन्त्वान, राजाचं शिरस्त्राण घेऊन पायी उभा आहे आणि मान वर करून राजाकडे पाहतो आहे. ज्याने राजाला घोडा शिकवला तोच आता खालून पाहतो, ही योजना फार खोल आहे. त्याच वर्षी ल सूअरने चार्ल्सचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा केला. १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवलं गेलं. पुतळा मोडीसाठी एका तांबटाला विकला गेला. त्याने तो मोडला नाही, लपवून ठेवला. १६७५ मध्ये तो चेरिंग क्रॉसला उभा राहिला आणि आजही तिथेच आहे.

नेपोलियनकडे मी थोडक्यात जातो, कारण ते चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. १८०० च्या मे महिन्यात त्याने आल्प्समधली सेंट बर्नार्डची खिंड ओलांडली ती खेचरावरून, एका स्थानिक वाटाड्याच्या मागे. डाव्हिदने त्याला उधळलेल्या घोड्यावर, अंगरखा वाऱ्यावर, एक हात शिखराकडे असा रंगवला. घोड्याचे डोळे पांढरे झालेले, स्वाराचा चेहरा शांत. खालच्या दगडांवर बोनापार्टबरोबर हॅनिबल आणि शार्लमेन यांची नावं कोरलेली. वंशपरंपरेने ज्याच्याकडे काहीच आलेलं नव्हतं त्याला पूर्वज चित्रातूनच मिळवावे लागले. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या चित्रात अशी नावं लागली नव्हती.

घोड्यावरच्या सत्तेचा दावा एवढा स्पष्ट, म्हणून बंड झालं की पहिला हात पडतो तो याच पुतळ्यांवर. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी लोकांनी तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा, सोन्याचा मुलामा दिलेला घोडेस्वार खाली ओढला. त्या शिशाच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या गेल्याची नोंद आहे. पॅरिसमध्ये १७९२ साली चौदाव्या लुईचा पुतळा फोडला. त्याच्या पायाचा तुकडा मागे उरला.

मुंबईनेही हे आपल्या पद्धतीने केलं. १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेलेला प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, त्याचा बोएमने केलेला घोड्यावरचा पुतळा ससून यांच्या देणगीतून १८७९ मध्ये फोर्टात उभा राहिला. लोकांनी स्वाराची दखलच घेतली नाही. जागेला काळा घोडा म्हणू लागले. १९६५ मध्ये पुतळा राणीच्या बागेत हलवला तरी नाव टिकलं, आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा आला तो बिनस्वाराचा.

आता आपल्या राजाकडे येतो. शिवाजी महाराजांच्या हयातीच्या जवळचं जे चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, ते मनुची या व्हेनिसच्या प्रवाशासाठी मीर मुहंमद या चित्रकाराने १६८६ च्या आधी काढलेलं. त्यात महाराज घोड्यावर आहेत, आणि त्यांच्याबरोबर हत्यारबंद माणसं पायी चालत आहेत. टिशियनचा सम्राट एकटा आहे. इथे राजा माणसांच्या मेळ्यात आहे. ही दोन वेगळी राज्यं आहेत असं मला हे चित्र पाहताना प्रकर्षाने जाणवतं. चित्रकार मोगली वळणाचा, चित्र परक्यासाठी काढलेलं, तरी त्याला राजा दिसला तो आपल्या लोकांबरोबर चालणारा.

पुण्याच्या भांबुर्ड्यात, आजच्या शिवाजीनगरात, महाराजांचं स्मारक उभारायचं राजर्षी शाहू महाराजांनी मनावर घेतलं तेव्हा समोर भाषा होती ती युरोपची: उंच चौथरा, ब्राँझ, एकटा स्वार. त्या काळी या मुलखात ब्राँझच्या घोड्यावर बसण्याचा मान राज्यकर्त्या इंग्रजांचा. शाहू महाराजांनी कोनशिला बसवायला प्रिन्स ऑफ वेल्सला आणलं, १९ नोव्हेंबर १९२१ रोजी. काळ्या घोड्यावरच्या एडवर्डचा हा नातू. त्याच्या दौऱ्यावर काँग्रेसने बहिष्कार घातला होता आणि दोनच दिवसांपूर्वी मुंबईत त्यावरून दंगल झाली होती, तेव्हा या आमंत्रणावर टीका होणं स्वाभाविक होतं. मला मात्र त्यात शाहू महाराजांची मोठी दूरदृष्टी दिसते. ज्या साम्राज्याने घोडेस्वाराची ही भाषा स्वतःपुरती ठेवली होती, त्याच्या वारसाकडूनच त्यांनी ती मराठ्यांच्या राजासाठी मान्य करून घेतली. पुढच्या वर्षी मे महिन्यात शाहू महाराज गेले. काम त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी तडीस नेलं.

पुतळा केला विनायक पांडुरंग करमरकरांनी. अलिबागजवळच्या सासवने गावचा हा मुलगा जे. जे. मध्ये शिकला. सासवन्याचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांनी जरूर जावं. गाई-म्हशी, कोळणी, गावची माणसं यांच्या ज्या मूर्ती तिथे आहेत, त्या पाहिल्या की जनावराचं अंग आणि माणसाचा ताठा हे दोन्ही एकाच हाताला इतके कसे कळले याचं नवल वाटतं. पुण्याचा घोडा त्या निरीक्षणातून आला आहे. युरोपचं वळण त्यांनी घेतलं, पण जनावर आपल्या मातीतलं ठेवलं.

हा पुतळा आज श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे. १६ जून १९२८ रोजी त्याचं अनावरण झालं ते मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. चौथऱ्याखाली उभं राहून, मान वर करून, त्यांना पडदा ओढावा लागला. त्याच दिवसांत गुजरातेत बार्डोलीचे शेतकरी वल्लभभाई पटेलांच्या मागे उभे राहून याच विल्सनसाहेबांच्या सरकारला वाढीव सारा द्यायला नकार देत होते, आणि दोन महिन्यांच्या आत सरकारला माघार घ्यावी लागली.